दादांचा पाय आणि एफसीचा ब्रेक

आमची एफसी घरी आली १९७४ साली. कुणीतरी पाच-सहा वर्षं वापरून काढलेली. वडलांनी सोसायटीचं कर्ज उचललं, आईच्या पाटल्या मोडल्या आणि थोरल्या दादांनी लायसन काढलं. दादा तेव्हा सत्तावीस वर्षांचे, मी नववीत. पुढं दहावी झाल्यावर माझ्याकडं रान आलं आणि दादांकडं गाडी. ही वाटणी कुणी बसून केली नाही, पण ती आजतागायत मोडलेली नाही.

एफसी म्हणजे काय हे आता पोरांना सांगावं लागतं. जीप सगळ्यांना ठाऊक असते. त्याच जीपच्या चासीवर बांधलेला हा चपट्या तोंडाचा छोटा ट्रक. बॉनेट नाही. ड्रायव्हर बसतो थेट पुढच्या चाकांच्या डोक्यावर आणि इंजिन त्याच्या मांडीशेजारी पत्र्याच्या पेटीत. 'फॉरवर्ड कंट्रोल' म्हणून एफसी. अमेरिकेतल्या विलीजवाल्यांनी १९५६ साली हा नमुना काढला, आपल्याकडं महिंद्रानं बांधला. महिंद्राच्या जीपा त्या काळी मुंबईतच तयार व्हायच्या, आधी माझगावला आणि मग कांदिवलीला. कांदिवली म्हणजे बोरिवलीच्या अलीकडचं स्टेशन. पन्नास वर्षांनी आमची गाडी दुरुस्तीला त्याच उपनगरांत गेली, माहेरपणाला गेल्यासारखी, आणि चार महिने तिथंच अडकली.

आमचं गाव ओतूरच्या शेजारी, जुन्नर तालुक्यात. दादांनी या गाडीतून मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, कांदा असं काय काय मुंबईला वाहिलं. रात्री आठला गाडी भरायची, माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण, आणि पहाटे मुलुंडचा जकात नाका. भाजीबाजार तेव्हा भायखळ्याला होता, १९९६ साली तो वाशीला गेला. पण दादांचा अर्धा माल वाटेतच उतरायचा. मुलुंड, भांडुप, घाटकोपर इथं आमच्या तालुक्याची माणसं ढिगानं. कुणी माथाडी, कुणी गिरणीत, कुणी भाजीच्या गाळ्यावर. दादा त्यांच्याकडं माल टाकायचे, चहा घ्यायचे आणि गावाकडच्या चिठ्ठ्या द्यायचे. परतीला रिकामी गाडी, कधी कुणाचा पलंग, कधी शिलाई मशीन, एकदा तर एका म्हातारीला तिच्या शेळीसकट आणली होती.

या सगळ्या वाटेत एकच जागा जिवाची, ती माळशेज. पावसाळ्यात लोक तिथं धबधबे बघायला येतात, फोटो काढतात. मालवाल्याला तो घाट वेगळा दिसतो. कड्यावरचं पाणी रस्त्यावर पडतं, धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही, आणि खाली मोरोशीपर्यंत उतारच उतार.

आमच्या गाडीला चारी चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम म्हणजे चाकात एक लोखंडी पातेलं फिरत असतं, आत दोन कमानी, त्यांना लायनर. पाय दिला की कमानी फाकतात आणि पातेल्याच्या आतल्या अंगाला घासतात. सपाटीला हे उत्तम चालतं. घाटात सारखा पाय दिला की पातेलं तापतं आणि तापलं की फुगतं. मग लायनरला ते गाठायला जास्त लांब जावं लागतं आणि तेवढं पायडल खाली जातं. वर लायनर तापून गुळगुळीत होतो. त्यात पाणी शिरलं तर लायनर ओला, आणि ब्रेक दाबला तरी गाडी आपली चाललीच. ब्रेक ऑइल जुनं असलं तर त्यानं हवेतली ओल शोषलेली असते. घाटात ते तापलं की आत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय हवेत गेल्यासारखा वाटतो.

१९८६ च्या पावसाळ्यात दादांना हे सगळं एका रात्रीत भेटलं. गाडी कांद्यानं भरलेली. अर्ध्या घाटात पायडल फळीला टेकलं. दादांनी दुसरा टाकला, मग पहिला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला गटारीत घातली. डावा गार्ड फाटला, दादांच्या कपाळाला खोक पडली, कांदे सगळे शाबूत. तेव्हापासून दादा घाटात ब्रेकवर विसंबत नाहीत. "ज्या गियरात चढायचा त्याच गियरात उतरायचा," असं ते प्रत्येक नवशिक्याला सांगतात. आणि हे बरोबरच आहे, डिस्क असो नाहीतर आणखी काही असो.

मग आता, पंचाहत्तरी उलटल्यावर, हा डिस्क ब्रेकचा खटाटोप कशाला? तर दादांच्या उजव्या गुडघ्यामुळं. २०२२ साली गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हलकी गाडी सहा महिन्यांनी चालवा. दादांनी 'चालवा' एवढंच ऐकलं. पण एफसीचं पायडल म्हणजे उसाचा चरक. नुसत्या पायाच्या जोरावर चाललेलं, बूस्टर नाही, काही नाही. दादा पाय द्यायचे आणि गुडघा धरून बसायचे. वहिनींनी चावी धान्याच्या कणगीत लपवली. दादा काही बोलले नाहीत, पण जेवण तोडलं. दोन घास खाऊन उठायचे. रोज सकाळी गाडीवरची धूळ मात्र पुसायचे.

त्यांचा मुलगा, माझा पुतण्या, मुलुंडला राहतो. नोकरी कंपनीत, पण जीव जुन्या जीपांत. तो म्हणाला, "नाना, पुढं डिस्क टाकू, बूस्टर लावू. बापूंना नुसता अंगठा टेकवला तरी गाडी थांबंल."

वहिनींचा विरोध. "थांबंल म्हंजी चालंल बी," त्या म्हणाल्या. हे खरं होतं. ब्रेक चांगला करणं म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला परत घाटात धाडणं. मी पुतण्याच्या बाजूनं पडलो. दादांनी चोरून कधी ना कधी गाडी काढलीच असती, आणि ती त्या जुन्या ब्रेकांवर निघाली असती. वहिनी माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत.

२०२१ साली सरकारनं पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी काढली आहे, नंबरपाटीवर 'व्हीए' अशी अक्षरं मिळतात. पण गाडी मूळ रूपात पाहिजे, मोठा फेरफार नको, आणि धंद्याला वापरायची नाही. दादा म्हणाले, "पाटी काय चाटायचीय? मला ब्रेक पायजे." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफाराबद्दल आहे, म्हणून पुतण्यानं आरटीओत आधी विचारून घेतलं. मग एके दिवशी दुसऱ्या ट्रकच्या पाठीवर बसून एफसी मुंबईला गेली. ज्या घाटानं तिनं हजार खेपा केल्या तो घाट ती पहिल्यांदाच बसून उतरली. दादा बघायला थांबले नाहीत, रानात निघून गेले.

पहिलं काम अंधेरीच्या एका गॅरेजात झालं. नाव घेत नाही. कामाचा बेत सोपा होता. पुढची पातेली आणि कमानी काढायच्या, त्याजागी नंतरच्या काळातल्या जीपची डिस्क आणि कॅलिपर बसवायचे. कॅलिपर म्हणजे चिमटा. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी थाळीला तो दोन्ही अंगांनी पॅडमध्ये धरतो. थाळी उघड्यावर असते म्हणून वाऱ्यानं थंड होते, आणि पाणी तिच्यावर ठरत नाही. कल्पना काही आजची नाही. इंग्लंडातल्या लँचेस्टर नावाच्या इंजिनिअरनं १९०२ साली तिचं पेटंट घेतलं होतं. १९५३ साली जग्वारच्या मोटारीनं फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत मारली ती डिस्क ब्रेकच्या जोरावर. आमच्या चाकापर्यंत यायला तिला आणखी सत्तर वर्षं लागली.

जुन्या नाळेला नवा चिमटा धरवायला मधे एक जाड पट्टी लागते. ती साकीनाक्याच्या एका गाळ्यात लेथवर करून घेतली. भोकं अर्धा दोरा इकडंतिकडं झाली तर डिस्क चिमट्याच्या मधोमध येत नाही. ते काम टर्नरनं फार नामी केलं. बाकीचं जुनं सामान, नट-बोल्टसुद्धा, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. तिथं जुन्या गाडीचा कुठला तुकडा मिळत नाही असं नाही, फक्त त्याचं नाव सांगता आलं पाहिजे.

गाडी जोडली, तेल भरलं, हवा काढली. पायडल दाबलं तर अर्ध्यावर जाऊन मऊ, कणकेत पाय घातल्यासारखं. दोनदा पंप केलं की जरा वर यायचं. परत हवा काढली, परत तेच. ब्रेक ऑइलच्या बाटल्यांवर बाटल्या गेल्या. गॅरेजवाला म्हणाला, "नवीन आहे, बसेल हळूहळू." ब्रेक हळूहळू बसतो हे मी तरी कधी ऐकलं नव्हतं. चपला बसतात हळूहळू.

पुतण्यानं गाडी तिथून उचलली आणि घाटकोपरला नेली, एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत. तिथला मिस्त्री मूळचा संगमेश्वराकडचा, वय पन्नासच्या पुढं, बोलणं कमी. दादा तोवर हट्टानं मुंबईला आले होते आणि मीही त्यांच्याबरोबर. द्राक्षवाल्याची पोरं जशी दलालाच्या तोंडाकडं बघत बसतात तसे आम्ही दोघं म्हातारे गॅरेजच्या बाकड्यावर.

मिस्त्रीनं पायडलला हातच लावला नाही. तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, बॅटरी मारली आणि हसला.

"काका, तुमच्या शेतात पाइपलाइन आहे?"

"आहे की. विहिरीपासून माळापर्यंत."

"मग एअर व्हॉल्व कुठं लावता? खड्ड्यात का उंचवट्यावर?"

मला पुढचं सांगावं लागलं नाही. पाइपलाइनीत हवा नेहमी उंचावर जाऊन बसते, म्हणून व्हॉल्व उंचवट्यावरच लावतात. कॅलिपरला हवा काढायचं जे निप्पल असतं ते वर यायला पाहिजे. इथं ते खाली होतं. डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवलेला. बसतो तो दोन्हीकडं, बोल्ट तेच. पण निप्पल खाली आलं की तेल निघतं आणि वरची हवा वरच राहते. शंभर बाटल्या ओतल्या तरी ती निघणार नाही. अर्ध्या तासात अदलाबदल झाली, हवा काढली, आणि पायडल कडक आलं.

दादा म्हणाले, "झालं का मंग?"

मिस्त्री म्हणाला, "उद्या सकाळी सांगतो."

हे मला फार आवडलं. आमच्याकडं मोटर दुरुस्त करणारा पाणी पडताना दिसलं की पैसे मागतो. हा माणूस गाडीला रात्रभर झोपू देणार होता. आणि सकाळी खरंच गोम निघाली. पहिला पाय थेट फळीला, दुसरा बरोबर. दिवसभर मग ठीक. दोन तास उभी ठेवली की परत पहिला पाय खाली.

घाटात पहिला पाय फुकट गेला तर दुसऱ्याला वेळ मिळतोच असं नाही. मिस्त्रीनं आधी चाक घोडीवर घेऊन हलवलं. बेअरिंग ढिलं असलं तर डिस्क लटपटते, पॅडला मागं ढकलते, आणि तेवढं अंतर भरायला पहिला पाय वाया जातो. बेअरिंगात थोडी ढील होती ती कसली. फरक पडला पण पुरता नाही. मग तो गाडीखाली गेला.

आमच्या गाडीचा मास्टर सिलिंडर फळीच्या खाली, चासीला. म्हणजे पायानं दाबायचा पंप खाली आणि चाकाचे कॅलिपर त्याच्याहून उंच. तेल गाडी उभी असताना हळूहळू खाली परत येतं. आता हे मलाच कळलं, कारण विहिरीवर हेच होतं. फूट व्हॉल्व गळका असला की रात्रीत पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि सकाळी मोटर नुसती ओरडते, पाणी भरल्याशिवाय उचलत नाही. मी तसं म्हटलं तर मिस्त्री चाकाखालून बाहेर आला आणि म्हणाला, "बरोब्बर. याचा फूट व्हॉल्व काढून टाकलाय."

झालं असं होतं. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व असतो. तो नळीत दहा पौंडांच्या आसपास दाब धरून ठेवतो, त्यानं चाकातल्या सिलिंडरची रबरं फुगून बसतात आणि हवा आत घुसत नाही. डिस्कला एवढा दाब चालत नाही, पॅड सतत घासत राहतं. म्हणून आधीच्या गॅरेजनं तो व्हॉल्व काढून टाकला. इथवर ठीक. पण मास्टर खाली असला तर डिस्कलाही थोडा दाब लागतोच, दोन पौंडांचा, नुसतं तेल थोपवण्यापुरता. आणि मागं अजून ड्रमच होते, त्यांचाही दहा पौंड गेला होता.

यावर मिस्त्रीनं सांगितलेला उपाय खर्चाचा होता. जुना मास्टर एकच नळी सांभाळतो, एक होज फुटला की चारी चाकं गेली. तो काढून दोन घरांचा मास्टर लावायचा, पुढच्या चाकांना एक घर, मागच्यांना दुसरं. पुढच्या नळीत दोन पौंडांचा व्हॉल्व, मागच्या नळीत दहाचा. व्हॉल्व बोटाएवढे, पुतण्यानं बाहेरून मागवले, त्यांना यायला तीन आठवडे लागले. दादा आणि मी गावाला जाऊन कांदा काढून आलो.

परत आलो तर नवा मास्टर बसलेला, पहिला पाय बरोबर, पण पायडल दगड. नव्या मास्टरचं भोक मोठं होतं. भोक मोठं तर एका दाबात तेल जास्त जातं, पण जोरही जास्त लागतो. कॅलिपरला तेल जास्तच लागतं, कारण त्याची पिस्टन चाकातल्या जुन्या सिलिंडरपेक्षा कितीतरी मोठी. यावर औषध बूस्टर. बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर, आणि पेट्रोल इंजिन तो आपसूक देतं. आमच्या एफसीचं मूळ पेट्रोल इंजिन १९८३ सालीच काढून आम्ही डिझेल बसवलेलं, पेट्रोलचा भाव झेपेना म्हणून. डिझेल इंजिन तसा व्हॅक्यूम देत नाही. त्याला वेगळा पंप लागतो, तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला मिळतो. तो बसला. ब्रेकचं काम काढलं आणि अल्टरनेटर बदलला, असं घरी सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "उद्या सायलेन्सर बदला म्हणतील."

बूस्टर चालतो की नाही हे बघायची रीत मिस्त्रीनं दादांना दाखवली. इंजिन बंद करून चार-पाच वेळा पाय मारायचा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पाय दाबून ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. पायडल पायाखाली आपोआप थोडं बसलं की बूस्टर चांगला. दादांनी केलं. पायडल बसलं. दादांनी परत केलं. तिसऱ्यांदा केलं तेव्हा मी बाहेर चहाला गेलो, कारण त्यांचं तोंड बघवेना. चार महिन्यांत पहिल्यांदा ते हसत होते आणि ते कुणी बघावं असं त्यांना वाटत नव्हतं.

पुतण्यानं गाडी मुलुंडपर्यंत चालवून आणली. ब्रेक झकास. पण परत येईतो पुढची चाकं तापलेली, जळका वास, आणि गाडी न्यूट्रलला ढकलली तर हलेना. ब्रेक धरून राहिलेला. आता दोष शेवटी चाकात की वर मास्टरमध्ये, हे शोधायचं होतं. मिस्त्रीनं एकही पार्ट उतरवला नाही. गाडी गरम आणि अडकलेली असतानाच मास्टरच्या तोंडाशी पुढच्या नळीचा नट किंचित ढिला केला. पिचकारीसारखं तेल उडालं आणि उजवं चाक मोकळं झालं. म्हणजे उजव्या चाकाला दोष नव्हता, दाब वरच कोंडला होता. डावं चाक मात्र तसंच घट्ट.

दोन दोष एकावर एक बसले होते. एक पायाकडचा. बूस्टर आणि मास्टर यांच्यामधल्या दांडीला मोकळीक नव्हती. पाय काढल्यावर मास्टरची पिस्टन पूर्ण मागं आली तरच एक बारीक भोक उघडतं आणि तापून वाढलेलं तेल टाकीत परत जातं. दांडी केसभर लांब असली की ते भोक बंदच राहतं. मग तेल तापतं, वाढतं, जायला वाट नाही, पॅड आणखी दाबतं, आणखी तापतं. दांडी आत घेतली, मोकळीक दिली.

दुसरा दोष डाव्या होजचा. पुढचे होज जुनेच ठेवलेले, वरून काळेभोर, चांगले. मिस्त्रीनं डावा काढून ब्लेडनं उभा चिरला. आतलं रबर फुगून भोक सुईएवढं उरलेलं. पायाच्या जोरानं तेल आत जायचं, परत यायला जोर नाही म्हणून अडकायचं. आमच्या ठिबकच्या नळीत क्षार साठून असंच होतं, वरून नळी नवी दिसते. कधीतरी कुणीतरी ब्रेक ऑइलच्या जागी दुसरं तेल घातलं असेल, असं मिस्त्री म्हणाला. खनिज तेलानं ब्रेकची रबरं फुगतात. एवढ्या जुन्या गाडीत कोण कोण हात घालून गेलं असेल, कुणाला विचारणार? दोन्ही होज नवे टाकले, मागचाही टाकला.

शेवटचा प्रकार थोडक्यात संपला. रिकाम्या गाडीत जोरात पाय दिला की मागची चाकं जागच्या जागी थांबायची आणि गाडीचं ढुंगण फिरायचं. एफसी मुळात तोंडाकडं जड, मागं हौदात माल नसला की हलकीफूल. मागच्या नळीत दाब कमी करायचा एक व्हॉल्व बसवला, वर फिरवायची कळ आहे. माल भरला की मोकळी करायची, रिकामी असली की आवळायची. ही कळ कुणी हात लावून बिघडवू नये म्हणून दादांनी तिला कुलूप करून घेतलं.

चाचणी मुलुंड पश्चिमेला झाली, योगी हिलकडच्या चढावर, रविवारी पहाटे साडेपाचला. आधी मिस्त्री, मग पुतण्या. हौदात वाळूची पोती. वरून खाली आलं की मिस्त्री चाकाजवळ हात न्यायचा. दोन्ही बाजू सारख्या कोमट. मग दादा बसले. लायसन त्यांचं चालू आहे, दर पाच वर्षांनी डॉक्टरचा दाखला देऊन ते करून घेतात. फिरायला निघालेले दोन-चार लोक ही चपट्या तोंडाची गाडी बघायला थांबले. दादा उताराला लागले, मध्यात पाय टेकवला, आणि गाडी अशी थांबली की त्यांची टोपी पुढच्या काचेवर गेली. सवय पन्नास वर्षांची, पाय पूर्वीच्याच जोरानं पडला.

"बापू, हळू," पुतण्या ओरडला.

"आता कळलं रं," दादा म्हणाले, आणि टोपी शोधून परत घातली.

गावाकडं गाडी स्वतःच्या चाकांवर आणली. दादा चालवत होते, पुतण्या शेजारी, मी मधे इंजिनाच्या पेटीवर पोतं टाकून, मांड्या भाजत. कल्याण, मुरबाड, टोकावडे. मोरोशीपासून चढ लागला. चढाला ब्रेकचं काही काम नाही, त्यामुळं आम्ही दोघं निर्धास्त होतो. वर पठारावर गेल्यावर पुतण्या म्हणाला, "चला, आलं घर." दादांनी गाडी कडेला घेतली, उतरले, दोन्ही चाकांना हात लावून बघितला, आणि परत बसून गाडी फिरवली.

"बापू, कुठं?"

"खाली," दादा म्हणाले. "चढून काय कळतंय?"

दुसऱ्या गियरात आम्ही माळशेज पुन्हा उतरलो. दादा वळणाच्या आधी जरासा पाय टेकवायचे आणि सोडायचे. १९८६ साली जिथं गाडी गटारीत घातली होती तिथं त्यांनी ती मुद्दाम पूर्ण थांबवली, पाच सेकंद, आणि मग सोडली. खाली मोरोशीला चहा घेतला. मी चाकाला हात लावायला वाकलो तर दादा म्हणाले, "लागंल चटका, डिस्क हाय ती, उघडी अस्ती." मग परत चढून घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजले. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. मुंबईहून निघाल्याचा फोन दुपारी दोनला केला होता, तेव्हा एवढा उशीर कशानं झाला, हे त्यांनी तिघांना वेगवेगळं विचारलं. पुतण्या म्हणाला कल्याणला ट्रॅफिक, मी म्हणालो चहाला थांबलो. दादा म्हणाले, "दोनदा घाट केला," आणि जेवायला बसले. तीन भाकरी खाल्ल्या.

चावी आता कणगीत नसते, भिंतीवरच्या खिळ्याला असते.